संवृतीच्या बेड्या : त्सिंगह्वाच्या आवारातील एका स्मृतिशिलेचा इतिहास

बीजिंगच्या त्सिंगह्वा विद्यापीठात जुन्या अध्यापन-इमारतीच्या मागे एक लहानशी टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी, झाडांच्या सावलीत, एक दगड उभा आहे. १९२९ साली तो उभारला गेला तो एका प्राध्यापकाच्या स्मरणार्थ. त्या प्राध्यापकाने दोन वर्षांपूर्वी तळ्यात उडी घेऊन जीव दिला होता. दगडावरचा मजकूर जेमतेम अडीचशे अक्षरांचा आहे. त्यातील एक कल्पना मात्र दगडाबाहेर पडली, पुढच्या राजवटींना अडचणीची ठरली आणि ज्याने ती लिहिली त्याला उरलेले सारे आयुष्य तिच्याशी बांधून गेली. (दीर्घ थ्रेड)

चीनमध्ये शिळा उभारून त्यावर लेख कोरण्याची परंपरा दोन हजार वर्षांची आहे. आपल्याकडच्या वीरगळात चित्र बोलते, अक्षरे असली तर थोडी असतात. चिनी शिळेत अक्षर हेच सर्वस्व असते. मजकूर रचणारा एक, तो सुंदर हस्ताक्षरात लिहून देणारा दुसरा, माथ्यावरची अक्षरे प्राचीन मुद्रालिपीत रेखणारा तिसरा, अशी कामाची वाटणी असते. बादशाही शिळा प्रचंड दगडी कासवाच्या पाठीवर उभ्या करीत. त्सिंगह्वातील शिळेला कासव नाही, नागमोडी ड्रॅगनही नाहीत. ज्याच्यासाठी ती उभारली तो मात्र मनाने शेवटपर्यंत बादशहाचाच माणूस होता. या विसंगतीतच तिचा इतिहास दडलेला आहे.

वांग ग्वोवेइ यांचा जन्म १८७७ साली, चच्यांग प्रांतातील हायनिंग येथे झाला. सरकारी परीक्षांची चाकोरी त्यांना मानवली नाही. १८९८ च्या सुमारास ते शांघायला आले. तेथे लुओ झेन्यु या विद्वान गृहस्थाने चालवलेल्या भाषाशाळेत ते जपानी शिकू लागले. कोणा सहाध्यायाच्या पंख्यावर वांग यांनी लिहिलेली एक कविता लुओच्या दृष्टीस पडली आणि हा मुलगा काही निराळाच आहे, हे त्याने ओळखले. पुढची जवळजवळ तीस वर्षे लुओ हा त्यांचा आश्रयदाता, सहकारी आणि अखेरीस व्याहीही झाला. या आश्रयाची किंमत किती होती, ते पुढे येईलच.

तरुणपणी वांग यांनी कांट, शोपेनहाउएर, नीत्शे वाचले. चिनी भाषेत या मंडळींवर गांभीर्याने लिहिणाऱ्या पहिल्या माणसांत त्यांची गणना होते. १९०४ मध्ये त्यांनी शोपेनहाउएरच्या दृष्टीने ‘लाल महालातील स्वप्न’ या कादंबरीचे विवेचन केले. नंतर काव्यमीमांसा, मग सुंग आणि युआन काळातील नाटकांचा इतिहास. नाटक हा विषय त्या काळच्या पंडिताच्या प्रतिष्ठेला शोभणारा मानला जात नसे. वांग यांनी तो इतिहासाचा विषय केला.

१९११ च्या क्रांतीने चिंग राजवंश कोसळला तेव्हा लुओच्या सोबत तेही जपानात, क्योतोला गेले. येथे त्यांच्या विद्येने वळण घेतले. तत्त्वज्ञान सुटले आणि हाडे हाती आली. प्राचीन शांग राजे कासवाच्या कवचावर व गुरांच्या हाडांवर दैवाला विचारायचे प्रश्न कोरून घेत. अशी हाडे एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी विद्वानांच्या नजरेस आली होती. वांग यांनी तुकडे जुळवले, पितरांची नावे वाचली आणि १९१७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपास सिमा छ्यान या इतिहासकाराने शांग राजांची जी वंशावळ दिली होती, ती किरकोळ दुरुस्त्या सोडल्यास खरी असल्याचे त्यांनी दाखवून दिले. ज्या घराण्याला काही नवे संशोधक दंतकथा समजू लागले होते, ते हाडांच्या साक्षीने इतिहासात परतले. पुरातत्त्व आणि ग्रंथ यांनी एकमेकांची साक्ष तपासावी, हा त्यांचा दंडक आज सर्वमान्य वाटतो. त्या काळी तो नवा होता.

हा आधुनिक पद्धतीचा संशोधक वागण्याबोलण्यात मात्र गेलेल्या काळाचा होता. प्रजासत्ताक आल्यावर चीनमधील पुरुषांनी मांचू राजवटीची खूण असलेली पाठीवरची वेणी कापून टाकली. वांग यांनी ती ठेवली. १९२३ मध्ये पदच्युत बादशहा पूयीच्या अभ्यासिकेत त्यांची नेमणूक झाली. राज्य उरले नव्हते, पण राजवाडा होता, दरबार होता, पदव्या होत्या. नोव्हेंबर १९२४ मध्ये फंग यूश्यांग या सेनानीच्या सैनिकांनी पूयीला राजवाड्याबाहेर काढले, तेव्हा तेही संपले. वांग यांनी तो स्वतःचा अपमान मानला.

१९२५ साली त्सिंगह्वामध्ये चिनी विद्यांच्या अध्ययनासाठी एक संशोधन संस्था सुरू झाली. त्सिंगह्वा हे तोवर मुख्यतः अमेरिकेला जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना तयार करणारे विद्यालय होते. बॉक्सर बंडानंतर चीनवर लादलेल्या दंडातील काही रक्कम अमेरिकेने परत केली, तिच्यातून १९११ मध्ये ते निघाले. नव्या संस्थेत चार मार्गदर्शक नेमले गेले : लिआंग छिछाओ, वांग ग्वोवेइ, भाषाशास्त्रज्ञ झाओ युआनरेन आणि चेन यिनके. एक जुना सुधारक, एक राजनिष्ठ, एक हार्वर्डचा पदवीधर आणि एक असा की ज्याने जगभर शिकून एकही पदवी घेतली नव्हती. वर्ग चार वर्षेच चालले, पण चिनी विद्येच्या इतिहासात त्या चार वर्षांचे नाव आजही निघते.

१९२७ च्या वसंतात राष्ट्रवादी पक्षाचे सैन्य दक्षिणेकडून बीजिंगच्या दिशेने सरकत होते. एप्रिलमध्ये हूनान प्रांतात यह दहुइ या ग्रंथसंग्राहक पंडिताला जाहीरपणे ठार करण्यात आले होते. तो स्थानिक राजकारणात वादग्रस्त होता, हे खरे. परंतु जुन्या विद्येच्या माणसांना त्या बातमीत स्वतःचे भविष्य दिसले. वेणी ठेवलेल्या प्राध्यापकाचे काय होईल, अशी कुजबुज त्सिंगह्वातही सुरू झाली. त्यापूर्वीच्या सप्टेंबरात वांग यांचा थोरला मुलगा वारला होता. तो लुओचा जावई. मुलगी माहेरी गेली, मृताच्या नोकरीतून मिळालेला पैसा कोणी घ्यायचा यावरून दोन घरांत पत्रापत्री झाली आणि तीस वर्षांचा स्नेह तुटला.

२ जून १९२७ रोजी सकाळी वांग यांनी कचेरीत एका सहकाऱ्याकडून ५ युआनची नोट उसनी घेतली. रिक्षा करून ते जुन्या बादशाही उन्हाळी राजवाड्यात गेले. रिक्षावाल्याला त्यांनी बाहेर थांबायला सांगितले. खुनमिंग तळ्याच्या काठावरील एका मंडपात ते बसले, एक सिगारेट ओढली आणि पाण्यात उडी घेतली. पाणी तेथे फार खोल नव्हते. डोके गाळात रुतून त्यांचा श्वास कोंडला. बागेतील कामगाराने त्यांना लगेच बाहेर काढले, तरी उशीर झाला होता. दरवाजाबाहेर रिक्षावाला भाड्यासाठी दुपारपर्यंत वाट पाहत होता.

खिशात आदल्या दिवशी लिहिलेले मृत्युपत्र निघाले. ते तिसऱ्या मुलाच्या नावे होते. पन्नाशी गाठल्यावर आता मरण तेवढे देणे उरले आहे, हा जगाचा पालट पाहिल्यानंतर दुसऱ्यांदा अपमान सोसणे बरे नव्हे, असा त्याच्या आरंभाचा आशय होता. पुढचे सारे व्यवहाराचे : अंत्यविधी साधा करावा, त्सिंगह्वाच्या दफनभूमीत पुरावे, कुटुंबाने लगेच दक्षिणेस जाऊ नये, पुस्तकांची व्यवस्था चेन आणि वू या दोन गृहस्थांकडे सोपवावी. म्हणजे चेन यिनके आणि संस्थेचे काम पाहिलेले वू मी.

दुसऱ्यांदा म्हणजे कोणता अपमान? पहिला १९२४ चा, असे बहुतेकांनी धरले. मग ही राजनिष्ठाची आत्महत्या झाली. कोणी म्हणाले, लुओने पैशासाठी छळले. कोणी म्हणाले, येणाऱ्या सैन्याची धास्ती. कोणी मुलाच्या शोकाकडे बोट दाखवले, तर कोणी तरुणपणी वाचलेल्या शोपेनहाउएरकडे. माणूस गेला आणि त्याच्या मरणाच्या अर्थावर हक्क सांगण्याची चढाओढ सुरू झाली.

त्यात सर्वांत चपळ लुओ ठरला. त्याने वांग यांच्या नावाने बादशहाला उद्देशून एक अंतिम निवेदन तयार केले आणि ते त्यांनी मरणापूर्वी लिहिले असे भासवून तियानचिन येथे राहत असलेल्या पूयीकडे पोहोचवले. पूयी गहिवरला. त्याने २,००० युआन आणि ‘निष्ठावान व प्रामाणिक’ अशा अर्थाची मरणोत्तर पदवी दिली. ते निवेदन बनावट असल्याचे आपल्याला पुढे कळले, असे खुद्द पूयीने नंतर आत्मचरित्रात लिहिले आहे. जो बादशहा स्वतः भाड्याच्या घरात राहत होता, त्याने दिलेली ही पदवी; पण वांग यांच्या मरणावरचा पहिला अधिकृत शिक्का तोच होता.

त्सिंगह्वातील अंत्यदर्शनाच्या वेळी बहुतेक प्राध्यापक नव्या रीतीने कमरेत वाकून वंदन करीत होते. चेन यिनके आले, त्यांनी गुडघे टेकले आणि जुन्या रीतीने जमिनीला मस्तक लावले. ते पाहून विद्यार्थ्यांनीही तसेच केले. चेन यांनी नंतर एक विलापगीत रचले आणि त्याच्या प्रस्तावनेत आपली उपपत्ती मांडली. एखादी संस्कृती लयाला जाऊ लागली की जो तिच्यात जितका खोल घडलेला असतो त्याला तितके अधिक दुःख होते, आणि वांग यांच्यासारख्याला त्या दुःखातून सुटकेचा दुसरा मार्ग उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. राजवंश गेला म्हणून नव्हे, ज्या मूल्यव्यवस्थेत राजवंशाला अर्थ होता ती गेली म्हणून. १९२७ मध्ये चेन यांची भूमिका ही होती. १९२९ मध्ये ते याच्याही पुढे गेले.

त्याआधी चेन यिनके कोण, हे पाहणे आवश्यक आहे; आणि येथे हा इतिहास मराठी वाचकाच्या ओळखीच्या वाटेवर येतो. चेन यांचा जन्म १८९० चा. आजोबा हूनानचे सुधारणावादी राज्यपाल, १८९८ ची सुधारणा चिरडली गेली तेव्हा पदावरून दूर केलेले. वडील नामांकित कवी. चेन स्वतः जपान, बर्लिन, झुरिच, पॅरिस असे हिंडत १९१९ मध्ये हार्वर्डला पोहोचले आणि तेथे चार्ल्स लॅनमन यांच्याकडे संस्कृत व पाली शिकू लागले. १९२१ मध्ये ते पुन्हा बर्लिनला गेले, हाइनरिख ल्यूडर्स यांच्या हाताखाली. चिनी बौद्ध ग्रंथ मूळ भाषांशी ताडून वाचायचे, हा त्यांचा ध्यास होता.

हार्वर्डमध्ये त्याच वर्षांत, त्याच लॅनमन यांच्यासोबत गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम करीत होते. कोसंबींची ही दुसरी फेरी, १९१८ ते १९२२ ची. पहिल्या फेरीत, १९१२ मध्ये, ग्रंथावर संपादक म्हणून कोणाचे नाव असावे यावरून लॅनमन यांच्याशी खटका उडून ते परतले होते. तो ग्रंथ प्रसिद्ध झाला तो थेट १९५० मध्ये, कोसंबींच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. विद्येच्या जगात श्रम कोणाचे आणि नाव कोणाचे, हा प्रश्न त्या विभागात ताजा होता.

आता १९२९. जानेवारीत लिआंग छिछाओ वारले. संस्थेचा प्राणच गेला होता; त्याच वर्षी ती बंद झाली. आदल्या वर्षी राष्ट्रवादी पक्षाने उत्तर चीन ताब्यात घेतला होता. बीजिंगचे नाव बदलून बेइपिंग झाले, त्सिंगह्वा ‘राष्ट्रीय विद्यापीठ’ झाले आणि लुओ च्यालुन हे पक्षाच्या विश्वासातले तरुण अध्यक्ष तेथे आले. विद्यार्थ्यांकडून लष्करी कवायती करून घेतल्या जाऊ लागल्या. सुन यत-सेन यांची त्रिसूत्री हे शाळा-महाविद्यालयांतील अनिवार्य तत्त्वज्ञान झाले. वांग मरताना ज्या सत्तेच्या येण्याला भीत होते, ती आता प्रत्यक्ष आली होती.

अशा वेळी संस्थेच्या अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी जाता जाता वांग यांच्या नावाने दगड उभारायचे ठरवले. मजकुरासाठी ते चेन यांच्याकडे गेले. चेन यांनी वारंवार नकार दिला, तो मान्य झाला नाही म्हणून लिहिले. हे शिळेतच नमूद आहे. अशी नम्रता स्मृतिलेखांत रूढ असते, तिला फार अर्थ देऊ नये. मात्र त्यापुढचे वाक्य रूढ नाही.

त्या वाक्याचा आशय असा : विद्वान ग्रंथ वाचतो आणि विद्या मिळवतो ती ‘सू-ती’च्या बेड्यांतून मन सोडवण्यासाठी, कारण त्याखेरीज सत्याला वाव मिळत नाही. हा ‘सू-ती’ शब्द साधा चिनी शब्द नव्हे. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी कुमारजीवाने नागार्जुनाची ‘मध्यमककारिका’ टीकेसह चिनीत आणली. नागार्जुनाने सत्याचे दोन स्तर सांगितले होते, परमार्थसत्य आणि संवृतिसत्य. त्यांतील संवृतिसत्याला चिनी बौद्धांनी योजलेला हा शब्द. संवृती म्हणजे आवरण. लोकव्यवहारात सर्वांनी खरे मानलेले, त्याच्यावाचून रोजचे चालत नाही असे, तरीही अंतिम सत्याला झाकणारे. लॅनमन आणि ल्यूडर्स यांच्याकडे शिकलेल्या माणसाने हा शब्द निष्काळजीपणाने लिहिला असेल, हे संभवत नाही. नागार्जुनाच्या मते परमार्थाकडे जायला संवृतीचाच आधार घ्यावा लागतो. चेन यांनी मात्र तिला बेडी म्हटले. बौद्ध दर्शनाच्या दृष्टीने हा उपयोग थोडा ओढलेला आहे. राजकीय दृष्टीने तो अचूक होता.

त्यापुढे शिळा म्हणते की वांग यांचे मरण कोणा व्यक्तीच्या रागलोभातून आले नाही आणि एका घराण्याच्या उदयास्ताशीही त्याचा संबंध नाही. पहिल्या अर्ध्याने लुओच्या पैशाची कुजबुज बाजूला सारली, दुसऱ्याने पूयीची पदवी. त्या मरणातून दिसले ते मनाचे स्वातंत्र्य आणि विचाराची मुक्तता. वांग यांचे सिद्धान्त उद्या कदाचित चुकीचे ठरतील, त्यांचे लेखन कदाचित काळाआड जाईल, पण ही एक गोष्ट आकाश-पृथ्वी असेतोवर राहील, असा शेवट आहे.

हे इतिहास म्हणून कितपत खरे? प्रामाणिकपणे पाहिले तर अर्धेच. वांग राजनिष्ठ होते, वेणी राखून होते, पूयीच्या चाकरीत होते. चिंग घराण्याचा त्यांच्या मरणाशी संबंध नव्हता म्हणणे हे पुराव्याला धरून नाही. मृत्युपत्रात स्वातंत्र्य हा शब्द नाही. चेन यांना हे ठाऊक नसेल हे अशक्य; दोन वर्षांपूर्वीच्या त्यांच्याच प्रस्तावनेचा सूर निराळा होता. शिळेवर त्यांनी वांग यांच्या मरणाचे कारण सांगितलेले नाही, तर त्या मरणातून १९२९ च्या चीनने काय घ्यावे ते सांगितले आहे. ज्याला जुने प्रिय होते त्याला जुने प्रिय ठेवण्याचा अधिकार असावा. सत्ताधारी पक्षाच्या सूत्रांनुसार त्याने मन कापून घेऊ नये. राजनिष्ठाच्या थडग्यावर उदारमतवाद कोरला गेला तो या तर्काने. स्मारक म्हणून ते जितके थोर, पुरावा म्हणून तितकेच बेभरवशाचे आहे, आणि आज वांग यांच्यावर लिहिणारे पुष्कळ लोक हा भेद विसरतात.

शिळेच्या शेवटी नावे आहेत. मजकूर चेन यिनके यांचा, हस्ताक्षर लिन झजुन यांचे, माथ्यावरची मुद्रालिपी मा हंग यांची. हे मा हंग पुढे राजवाडा-संग्रहालयाचे प्रमुख झाले. शिळेचा आराखडा लिआंग सचंग यांचा. लिआंग छिछाओ यांचे हे चिरंजीव नुकतेच अमेरिकेहून वास्तुशास्त्र शिकून आले होते. चिनी वास्तुकलेचा इतिहास लिहिणारे म्हणून त्यांचे नाव पुढे जगभर झाले. देखरेख ल्यू नानत्स यांची. आणि दगड कोरला बेइपिंगच्या ली क्वेइत्साओ यांनी. पाथरवटाचेही नाव प्राध्यापकांच्या पंगतीत आहे. चिनी शिळांवर ते कधी कधी असते, नेहमी असतेच असे नाही. ‘विसुद्धिमग्गा’च्या मुखपृष्ठावरून झालेला वाद आठवला की ही ओळ थोडी रेंगाळून वाचावीशी वाटते.

पुढची वीस वर्षे चीनवर आणि चेन यांच्यावर सारखीच कोसळली. १९३७ मध्ये जपान्यांनी शहर घेतले. वृद्ध वडिलांनी अन्न आणि औषध नाकारून प्राण सोडला. चेन यांच्या एका डोळ्याचा पडदा सुटला होता. शस्त्रक्रिया केली असती तर शत्रूच्या ताब्यातील शहरात अडकून पडावे लागले असते, म्हणून ती न करता ते कुटुंबासह दक्षिणेकडे निघाले. वाटेत टिपणे लिहिलेली पुस्तके गेली. ऑक्सफर्डने चिनीच्या अध्यासनासाठी बोलावले, तर महायुद्ध सुरू झाले. १९४४ च्या अखेरीस चेंगदूमध्ये दुसऱ्या डोळ्यावरील शस्त्रक्रिया फसली. युद्धानंतर लंडनला उपचार झाले, उपयोग झाला नाही. तांग राजवंशाच्या इतिहासाचा सर्वांत मोठा जाणकार पुढे वाचू शकत नव्हता. १९४९ मध्ये त्यांनी तैवानला जाण्याचे नाकारले आणि ते क्वांगचौ येथे राहिले.

१९५२ मध्ये नव्या सरकारने सोव्हिएत नमुन्यावर विद्यापीठांची फेररचना केली. त्सिंगह्वातील साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान हे विभाग काढून घेतले गेले आणि ते अभियंते घडवणारे विद्यापीठ झाले. टेकडीखालची शिळा जागेवरच होती. तिच्यावरचा अभिजात गद्याचा मजकूर सवयीने वाचणारी माणसे मात्र आवारातून उठून गेली होती.

१९५३ च्या अखेरीस विज्ञान अकादमीने चेन यांना बीजिंगमध्ये मध्ययुगीन इतिहासाच्या संशोधन संस्थेचे प्रमुखपद देऊ केले. निरोप घेऊन आले वांग च्यान, चेन यांचे एकेकाळचे लाडके विद्यार्थी, आता पक्षाचे सभासद. त्यांनी गुरूंना नव्या भाषेत समजावण्याचा प्रयत्न केला. चेन संतापले आणि ते आपले विद्यार्थी उरले नाहीत असे त्यांनी सुनावले. तरीही १ डिसेंबर रोजी त्यांनी आपले उत्तर तोंडी सांगितले, आणि ते लिहून घेतले याच विद्यार्थ्याने.

त्या उत्तराचा आरंभच शिळेपासून होतो. आपले विचार आणि आपली भूमिका वांग ग्वोवेइ यांच्या स्मृतिलेखात पूर्णपणे आहे. ‘सू-ती’ म्हणजे त्या वेळी राष्ट्रवादी पक्षाची त्रिसूत्री अभिप्रेत होती. बेडी कोणतीही असो, संशोधकाचे मन तिच्यातून सुटलेले असले पाहिजे. शिळा अजून उभी आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, असेही त्यांनी सांगितले. मजकूर बरा वाटत नसेल तर खुशाल खरवडून काढावा आणि क्वो मोरुओ यांच्याकडून नवा लिहून घ्यावा, ते प्राचीन हाडांवरील लेखांचे जाणकार आहेत, कदाचित अधिक चांगला लिहितील. क्वो हे त्याच अकादमीचे अध्यक्ष होते. त्यानंतर दोन अटी : संस्थेत मार्क्सवाद-लेनिनवादाची सक्ती नसावी व राजकीय अभ्यासवर्ग नसावेत, आणि माओ किंवा ल्यू शाओछी यांचे तसे लेखी पत्र मिळावे, म्हणजे ते ढाल म्हणून वापरता येईल. अर्थातच पद स्वीकारले गेले नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी पाण्यात उडी घेतलेल्या मित्राविषयी केलेले विधान आता स्वतःच्या अंगावर घेण्याची ही वेळ होती. दगडावर लिहिताना चेन यांना त्यासाठी काही मोजावे लागले नव्हते. १९५३ मध्ये लागणार होते. त्यांनी ते मोजले, आणि म्हणून १९२९ चा मजकूर केवळ सुंदर गद्य राहिला नाही.

शिक्षा लगेच आली नाही. प्रांतातील पक्षनेते ताओ चू यांनी त्यांना सांभाळले. अंधुक उजेड तेवढा जाणवणाऱ्या या वृद्धाला फिरता यावे म्हणून घरासमोर पांढरी पायवाट करून दिली गेली. ती आजही क्वांगचौच्या सुन यत-सेन विद्यापीठात आहे. ह्वांग श्युआन नावाच्या बाई रोज येत, ग्रंथ वाचून दाखवत, सांगितलेले लिहून घेत. या पद्धतीने सुमारे दहा वर्षांत चेन यांनी एका ग्रंथाची आठ लाखांच्या आसपास अक्षरे रचली. विषय होता ल्यू रुश, सतराव्या शतकातील एक कवयित्री गणिका, जी मिंग राज्य कोसळल्यावर भोवतीच्या अनेक पंडित पुरुषांपेक्षा ताठ राहिली. आंधळ्या इतिहासकाराने हा विषय का निवडला असेल, ते सांगण्याची गरज नाही.

१९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. पहिल्या आठवड्यांतच बीजिंगमध्ये वांग च्यान यांनी आत्महत्या केली. क्वांगचौमध्ये चेन यांच्या घराभोवती ध्वनिक्षेपक टांगण्यात आले. डोळे नसलेल्या आणि १९६२ पासून मांडीचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या माणसावर आवाज सोडण्यात आला. ७ ऑक्टोबर १९६९ रोजी ते गेले. पत्नी तांग युन यांनी त्यांच्यामागे ४५ दिवसांनी प्राण सोडला. त्सिंगह्वात १९६८ च्या वसंतापासून विद्यार्थ्यांच्या दोन तटांत शंभर दिवस सशस्त्र लढाई झाली. याच काळाच्या उलथापालथीत टेकडीखालची शिळाही आडवी झाली. मजकूर खरवडावा, असे चेन यांनी उपरोधाने सुचवले होते; तेवढे कष्टही कोणी घेतले नाहीत.

सांस्कृतिक क्रांती ओसरल्यानंतर शिळा पुन्हा उभी करण्यात आली. १९५३ चे उत्तर मात्र १९९५ पर्यंत सामान्य वाचकांपर्यंत पोहोचले नव्हते. त्या वर्षी लू च्यानतुंग यांचा चेन यांच्या अखेरच्या वीस वर्षांवरील ग्रंथ निघाला आणि चीनभर वाचला गेला. इतकी वर्षे त्सिंगह्वाच्या एका कोपऱ्यातील लेख असलेले ते शब्द आता घोषवाक्य झाले, भाषणांत आणि सुलेखनाच्या पट्ट्यांवर दिसू लागले. लेखाचा उरलेला भाग, विशेषतः ‘सू-ती’ची बेडी, त्यात बहुधा गाळलेली असते.

वांग यांना प्रथम त्सिंगह्वाजवळच पुरले होते. विद्यापीठ वाढले तेव्हा त्यांची कबर शहराच्या पश्चिमेकडील दफनभूमीत हलवली गेली. चेन आणि तांग युन यांच्या अस्थी अनेक वर्षे जमिनीविना राहिल्या. २००३ मध्ये लूशान पर्वतावरील वनस्पती उद्यानात त्या ठेवल्या गेल्या. तेथे एका मोठ्या दगडावर चित्रकार ह्वांग युंगयू यांनी दहा अक्षरे लिहिली आहेत. ती चेन यांनी १९२९ मध्ये दुसऱ्याच्या शिळेसाठी लिहिलेली अक्षरे आहेत.